सोळा सत्रांत काय मिळतं? स्किझोफ्रेनियासाठीच्या थेरपीची पारख

औषधाच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, मिलिग्रॅम असतात, ‘रात्री जेवणानंतर’ असतं. तळाशी एक ओळ असते: समुपदेशन घ्यावे. किती वेळा, कुठल्या प्रकारचं, कोणाकडून, कशासाठी, यातलं काही नाही. घरचे मग जवळचं एखादं काउन्सेलिंग सेंटर गाठतात, चार वेळा फी भरतात आणि ‘नुसत्या गप्पा मारतात हो’ म्हणून पाचव्या वेळेला जात नाहीत. त्यांचं फारसं चुकत नाही. पुष्कळदा खरोखरच नुसत्या गप्पा असतात.

त्या एका ओळीत नेमकं काय यायला हवं, याची ही पारख. मुख्यतः स्किझोफ्रेनियासाठी (नसलेले आवाज ऐकू येणं आणि भ्रम, म्हणजे पक्के बसलेले खोटे समज, ही ज्याची लक्षणं तो आजार), थोडीशी बायपोलरसाठी (टोकाचा उत्साह आणि टोकाचं नैराश्य यांच्या लाटा येणारा आजार). ‘थेरपी’ या एकाच पाटीखाली चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांतली एक फार मोलाची आहे आणि ती सहसा कोणी मागतच नाही. दुसरी चांगली आहे, पण नीट केली तरच. आजार असलेला तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर, हे शब्द आपल्याकडच्या स्वमदत गटांत रुळलेले आहेत. पुढे तेच वापरले आहेत.

गोळ्यांचं आधी उरकून घेऊ. कॅलिफोर्नियात फिलिप मे यांनी पाच उपचारपद्धती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या आणि १९६८ साली निष्कर्ष मांडला, की औषधाविना नुसत्या मानसोपचाराने स्किझोफ्रेनियात फारसं काही हाती लागत नाही. त्यानंतर २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात औषध न घेणाऱ्या ७४ जणांवरचा एक छोटा अभ्यास आला, त्यात थेरपीचा थोडा फायदा दिसला. तो प्राथमिक अभ्यास होता आणि जे तसंही औषध घेत नव्हते त्यांच्यावर होता. त्याच्या भरवशावर चालू गोळी बंद करण्याचा सल्ला जो थेरपिस्ट देईल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.

एकट्याने घ्यायची थेरपी

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी, म्हटलं की लोकांना नैराश्य आठवतं. पण या पद्धतीचे जनक आरन बेक यांनी १९५२ सालीच, म्हणजे नैराश्यावरचं त्यांचं गाजलेलं काम सुरू होण्याआधी, जुना भ्रम असलेल्या एका रुग्णावर केलेल्या बोलत्या उपचारांचा वृत्तांत छापला होता. आज सायकोसिससाठीच्या, म्हणजे आवाज-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं तुटण्याच्या अवस्थेसाठीच्या, सीबीटीला सीबीटीपी म्हणतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शिकेत तिचा डोस लिहिलेला आहे: एकास एक, आधी ठरवलेली, किमान १६ सत्रं. नुसता धीर देणारं समुपदेशन स्किझोफ्रेनियावरचा खास उपचार म्हणून सरसकट देऊ नये, असंही तीच मार्गदर्शिका सांगते. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक दुसरं.

फायदा किती, हे सरळ सांगितलेलं बरं. २०१४ साली अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला एकूण परिणाम ०.३३ भरला, आवाज आणि भ्रम यांच्यापुरता पाहिला तर ०.२५. आकडेवारीच्या भाषेत हा लहान परिणाम. कोणाला कुठला उपचार मिळाला हे तपासणाऱ्याला ठाऊक नव्हतं, अशा चाचण्यांत तो आणखी आक्रसला. तेव्हा आवाज बंद पडतील या आशेवर १६ सत्रांचे पैसे भरू नयेत. आवाज राहू शकतात. कमी होतो तो त्यांचा धाक आणि त्यांच्यापायी वाया जाणारा दिवस. ज्याला आवाजांमुळे चार महिने घराबाहेर पडता आलेलं नाही, त्याच्यासाठी हे कमी नाही.

पहिली तीन-चार सत्रं ओळख होण्यात जातात आणि ती जाऊ द्यावीत. सुरुवातीला सत्र २०-२५ मिनिटांचं पुरतं. ४५ मिनिटांच्या सत्रात शेवटची २० मिनिटं शुभार्थी घड्याळाकडे आणि दाराकडे बघत असतो. खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरक्या, आणि दाराकडची वाट मोकळी. या दिवसांत थेरपिस्टने संशय खोडायचा नाही आणि त्याला मान डोलवायचीही नाही. ‘असं काही नसतं’ हे चूक. ‘हो, शेजारी वाईटच आहेत’ हे त्याहून चूक. ‘तुम्हाला हे खरं वाटतंय आणि त्यापायी रात्रीची झोप गेलीये, हे मला दिसतंय,’ एवढ्यावर थांबता येणं, हीच चांगल्या थेरपिस्टची पहिली खूण.

नंतर मोजमाप. यासाठी सायरेट्स नावाची मापनश्रेणी आहे: आवाजांबद्दल ११ प्रश्न, भ्रमांबद्दल ६, प्रत्येकाला ० ते ४ गुण. आवाज दिवसातून किती वेळा येतो, किती वेळ टिकतो, डोक्याच्या आतून येतो की बाहेरून, किती मोठा असतो, त्यावर ताबा किती चालतो, असं सगळं. हे पहिल्या महिन्यात आणि पुढे दर चार-पाच सत्रांनी भरलं गेलं नाही, तर ‘फरक पडतोय का’ या प्रश्नाला ‘जरा बरं वाटतंय’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

खरं काम सहाव्या-सातव्या सत्राच्या आसपास सुरू होतं. ते कसं दिसतं ते एका नमुन्यावरून पाहू. समजा संशय असा आहे: मी गॅलरीत आलो की समोरच्या घरातला कुकर शिट्टी देतो, तो माझ्यावर पाळत असल्याचा इशारा आहे. खात्री किती? ९० टक्के. थेरपिस्ट विचारतो, इशारा असेल तर काय दिसायला हवं आणि नुसता डाळभात शिजत असेल तर काय दिसायला हवं? इशारा असेल, तर शिट्ट्या मी गॅलरीत असतानाच होतील. डाळभात असेल, तर मी आतल्या खोलीत असलो तरी होतील. वहीच्या एका पानावर उभी रेघ मारायची: डावीकडे ‘गॅलरीत’, उजवीकडे ‘आत’. चार दिवस, सकाळी ११ ते १२, अर्धा तास इथे आणि अर्धा तास तिथे. आधी कुठे बसायचं हे रोज नाणं उडवून ठरवायचं, म्हणजे ‘त्यांना माझी वेळ कळली होती’ ही पळवाट राहत नाही. अंदाज आधी लिहायचा, मोजणी मागून. आतल्या खोलीतली खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर शिट्टी ऐकूच येणार नाही आणि प्रयोग भलतंच सिद्ध करेल.

चार दिवसांनी दोन्ही रकान्यांत रेघा असतात. खात्री पुन्हा विचारली की ९०ची ७० झालेली असते. इथे थांबायचं असतं, आणि इथेच नवशिका थेरपिस्ट घसरतो. ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हटलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा ९०. ७० ही उत्तम प्रगती आहे. ७० टक्के खात्रीचा माणूस गॅलरीत उभा राहून चहा पिऊ शकतो. आणखी एक अडथळा घरातून येतो. आई प्रेमापोटी समोरच्या वहिनींना सांगून येते, ‘चार दिवस जरा कुकर लावू नका हो.’ प्रयोग तर बिघडतोच. हे मुलाला कळलं तर कटाचा पुरावाच त्याच्या हातात पडतो. म्हणून प्रयोगाआधी घरच्यांना पाच मिनिटं बोलावून ‘काहीही बदलू नका’ हे सांगावं लागतं.

आवाजांसाठीचे उपाय साधे आहेत, पण ते एकेक करून आठवडाभर आणि नोंद ठेवून करायचे असतात: गुणगुणणं, मोठ्याने वाचणं, एकाच कानात इयरफोन, कोणाशी तरी बोलायला जाणं. नोंदीचे रकाने पाच: वेळ, जागा, आवाज काय म्हणाला, त्रास १०पैकी किती, मी काय केलं. कोणाला वाचनाने आराम पडतो, कोणाला त्यानेच आवाज वाढतात. आधीपासून चालू असलेले ‘बचाव’ मात्र हळूहळू सोडवावे लागतात: कानात कापूस, दिवसभर बंद खिडक्या, फोन डब्यात. खिडकी बंद होती म्हणून आज काही झालं नाही, असं मन धरून बसतं आणि भीतीची परीक्षाच होत नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम देणारा आवाज असेल, तर तिथे प्रयोग नाही. सरळ शब्दांत विचारायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

मराठीत चालते का?

चालते, पण फॉर्म इंग्रजीत, गृहपाठ इंग्रजीत आणि बोलणं मराठीत, अशी खिचडी फार ठिकाणी आहे. शुभार्थीची नोंदवही मराठीत नसेल तर ती भरली जात नाही. आळसाने नव्हे, रकान्यात काय लिहायचं तेच कळत नाही म्हणून.

शब्दांची निवडही उपचाराचाच भाग आहे. ‘तुम्हाला भास होतात’ म्हटलं की विषय संपला, कारण ‘भास’ या शब्दातच ‘ते खोटं आहे’ हा निवाडा आहे. ‘आवाज येतात’ हे दोघांनाही मान्य होणारं वाक्य आहे. ‘संशयी स्वभाव’ म्हणू नये. स्वभाव म्हटला की तो बदलायचा प्रश्नच उरत नाही. ‘बाहेरचं आहे’, ‘करणी केलीये’ ही घरातली उत्तरं उडवून लावणारा थेरपिस्ट तिसऱ्या सत्राला एकटाच बसलेला असतो. देवळात जायला हरकत नाही, अंगारा लावायला हरकत नाही. गोळी चुकवायला, उपाशी ठेवायला, बांधायला, मारायला हरकत आहे. ही रेघ पहिल्याच महिन्यात आखलेली बरी.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त बिघडतं वेळेवरून. ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटायापिन या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा रात्रीचा डोस घेणाऱ्याला सकाळी दहाची वेळ देणं म्हणजे फी वाया घालवणं. दुपारी बारानंतरची वेळ मागावी.

दुसरं, विस्मरण. या आजारात लक्ष आणि स्मरण दोन्ही कमी पडतात. तो आजाराचाच भाग आहे, थेरपिस्टवरचा राग नाही. म्हणून एका सत्राला एकच विषय, फार तर दोन. शेवटच्या पाच मिनिटांत काय ठरलं ते शुभार्थीनेच एका कार्डावर लिहायचं किंवा स्वतःच्या फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचं. मात्र फोनवर पाळत असल्याचा संशय असेल तर कार्डच.

तिसरं, सत्राचं ‘रिपोर्टिंग’ होणं. शुभंकर आधी आत जाऊन आठवड्याभराच्या तक्रारी सांगतो, मग शुभार्थी आत जातो आणि थेरपिस्ट त्याच तक्रारींची उजळणी करतो. दोन आठवड्यांत थेरपिस्ट हा आईचा माणूस ठरतो. सांगायचं असेल ते शुभार्थीसमोर सांगावं, किंवा तिघांचं वेगळं सत्र घ्यावं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७च्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि तो शुभार्थीचा आहे, फी भरणाऱ्याचा नव्हे. जिवाला धोका असेल तर अपवाद. तो अपवाद कोणता, हे पहिल्याच दिवशी तोंडी सांगितलं गेलं पाहिजे.

चौथं, बालपण खोदत बसणं. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ ही कल्पना मांडली. शास्त्राने ती केव्हाच टाकून दिली, पण काही खोल्यांत अजून ‘लहानपणी आईने काय केलं’ यावर आठ-आठ सत्रं जातात. लहानपणी खरोखर मार, अत्याचार झाले असतील तर त्यावर काम व्हायला हवं, पण झोप आणि औषध स्थिर झाल्यावर. संमोहन, पूर्वजन्म वगैरे प्रकार या आजारात नकोतच. दहा-दहा दिवसांची मौन-शिबिरंही नकोत. कमी झोप आणि एकांत, या दोन्ही गोष्टी इथे आगीत तेल ओततात.

व्हिडिओवरची सत्रं गावाकडच्या माणसाला प्रवास वाचवतात. पण ‘कॅमेऱ्यातून बघतात’ असा संशय ज्याला आहे त्याला स्क्रीनसमोर बसवू नये. वन-रूम-किचनमध्ये, भिंतीपलीकडे सगळे ऐकत असताना तर कोणीच मोकळं बोलत नाही.

जे कोणी मागत नाही

कुटुंबाची सत्रं. आमच्या मते या सगळ्या दुकानातला सगळ्यात चांगला माल हाच. ‘नाइस’च्या त्याच मार्गदर्शिकेनुसार यांचा डोस तीन महिने ते एक वर्षात किमान १० सत्रं, आणि शक्य असेल तर शुभार्थी सोबत बसलेला. या सत्रांनी आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण घटतं, हा या क्षेत्रातला सगळ्यात टिकाऊ निष्कर्षांपैकी एक आहे.

त्याचं मूळ लंडनमधल्या संशोधनात आहे. जॉर्ज ब्राऊन आणि नंतर व्हॉन व लेफ यांनी पाहिलं, की रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाचा आजार कुठल्या घरात लवकर उलटतो. टोमणे-टीका, वैर आणि अतिकाळजी, या तीन गोष्टी ज्या घरात जास्त, तिथे. १९७६च्या अभ्यासात अशा घरांत आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोरचा सहवास असेल तर धोका आणखी वाढलेला दिसला. पुढे चंदीगडच्या अभ्यासात भारतीय घरांत अशी तापलेली घरं लंडनपेक्षा कमी आढळली. आपल्याबद्दल हे ऐकायला बरं वाटतं. पण ३५ तास हा आकडा डोंबिवलीच्या एका खोलीत ठेवून पाहा. झोपेचे आठ तास सोडले, तर निवृत्त वडील आणि घरी बसलेला मुलगा हा आकडा तिसऱ्या दिवशीच ओलांडतात. म्हणून पहिल्या दोन सत्रांतच तासांचा हिशेब मांडायचा: कोण कधी घरात असतं, आणि कोण कुठे जाऊ शकतं. वडिलांनी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास कट्ट्यावर किंवा वाचनालयात, मुलाने दुपारी दोन तास मावशीकडे, असं ठरवलं तरी रोजचे सहा तास सुटतात. वडिलांना घराबाहेर काढणं हा उपचार आहे, हे पटवायलाच एक सत्र लागतं.

मग बोलण्याची पद्धत. ‘दिवसभर लोळत असतोस’ हा टोमणा. त्याच्या जागी: ‘नऊला उठलास तर चहा एकत्र घेऊ.’ एकच कृती, तिची वेळ, आणि ती झाली तर काय. ‘जरा माणसांत ये’ असं मोघम सांगून काही होत नाही. ‘आत्या आली की दहा मिनिटं बाहेर बस, मग आत गेलास तरी चालेल’ हे होतं. अतिकाळजी सोडवणं टोमण्यांपेक्षा अवघड, कारण ती प्रेम म्हणूनच केली जाते. पस्तिशीच्या मुलाच्या ताटातला मासा काटे काढून देणारी आई वाईट नसते, पण त्या मुलाला स्वतःच्या गोळ्या डब्यात भरता येतील, यावर तिचा विश्वास बसायला सहा आठवडे लागतात. त्याची पायरी अशी: पहिले दोन आठवडे आई भरते, तो बघतो, पुढचे दोन तो भरतो, आई बघते, शेवटचे दोन तो भरतो आणि आई रविवारी फक्त डबा तपासते. निरुत्साह, न बोलणं, अंघोळ टाळणं ही लक्षणं आहेत, आळस नव्हे. हे एकदा नीट कळलं की निम्मे टोमणे आपोआप थांबतात. ही लक्षणं गोळ्यांनी फारशी हलत नाहीत. अंघोळ चहाच्या आधी, भाजी आणायला फक्त कोपऱ्यापर्यंत, अशा छोट्या, ठरलेल्या कामांनीच ती जराशी हलतात.

बायपोलरमध्येही कुटुंबासोबतचीच पद्धत वजनदार आहे. अमेरिकेत मिक्लोविट्झ यांनी बांधलेला आराखडा नऊ महिन्यांत २१ सत्रांचा आहे. त्याच्या जोडीला एलन फ्रँक यांची दिनक्रमाची पद्धत: उठणं, दुसऱ्या माणसाशी पहिलं बोलणं, काम सुरू करणं, रात्रीचं जेवण, झोपणं, या पाच वेळा रोज लिहायच्या, ठरलेल्या वेळेच्या ४५ मिनिटांच्या आत राहिलं तर ते नियमित धरायचं. गणपतीतली जागरणं आणि लग्नातली वरात यांचा विचार आधीच करावा लागतो. दहाही रात्री मंडळात बसायचं नाही. कोणत्या दोन रात्री आणि किती वाजेपर्यंत, हे ऑगस्टमध्येच ठरवायचं.

कोणाकडे, कितीला

‘समुपदेशक’ ही पाटी लावायला फारसं काही लागत नाही. या आजारासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे हवी. नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारावा. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याने उत्तर दिल्यासारखंच आहे. फोनवरच आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: सायकोसिसचे शुभार्थी नेहमी बघता का, घरच्यांची वेगळी सत्रं घेता का, आमच्या मनोविकारतज्ज्ञांशी थेट बोलाल का. तिसऱ्याला ‘नाही’ आलं तर दुसरीकडे जावं. डोस वाढला, झोप बदलली, हे थेरपिस्टला कळलंच नाही तर तो गोळीच्या गुंगीलाच लक्षण समजून बसतो.

सत्राला दीड हजार धरले तर १६ सत्रांचे २४ हजार, कुटुंबाच्या १० सत्रांचे १५ हजार. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही. एकच परवडत असेल तर कुटुंबाची घ्यावीत. आधी उलट घेतलं जातं, आणि एकट्याच्या थेरपीत कमावलेलं घरात संध्याकाळपर्यंत सांडतं. २०१७च्या कायद्याच्या कलम २१(४)नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजारासारखाच द्यावा लागतो. पण ज्या पॉलिसीत ओपीडीच नाही, तिच्यात थेरपीची फी बसत नाही. ‘निरामय’ या सरकारी योजनेच्या मागे काही घरं उगाच धावतात. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, स्किझोफ्रेनियासाठी नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची संस्था, इथे केसपेपरवर काम होतं. तिथे सत्रं लांबलचक मिळणार नाहीत हे धरून चालावं. पण कुटुंबाला बसवून समजावण्याची वेळ तिथेही मागता येते; मागितल्याशिवाय मिळत नाही, एवढंच.

टेली-मानस (१४४१६) ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीतही. रात्री दोनला काय करू, जवळ कुठे नेऊ, यासाठी ती योग्य आहे. दर आठवड्याला तोच माणूस आणि तोच धागा, अशी १६ सत्रांची मालिका तिच्याकडून अपेक्षू नये.

आणि ज्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञच महिन्यातून एकदा येतो तिथे? याचं उत्तर देणारा अभ्यास आपल्याच भागात झाला आहे. साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ जणांवर झालेली कॉप्सी ही चाचणी २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. प्रशिक्षण दिलेले गावातलेच कार्यकर्ते घरी जाऊन आजाराची माहिती देत, गोळ्यांवर लक्ष ठेवत, कामाला लावत, लोकांच्या बोलण्याला तोंड कसं द्यायचं ते शिकवत. डॉक्टर आणि औषध सोबत होतंच. नुसत्या दवाखान्याच्या उपचारापेक्षा वर्षाअखेर लक्षणं आणि अक्षमता थोडी जास्त कमी झाली. थोडीच, पण पदवीधर थेरपिस्टची वाट न बघता. आपल्या तालुक्यात अशी संस्था असेल तर शहरात जाऊन घेतलेल्या चार महागड्या सत्रांपेक्षा तिला पसंती द्यावी.

स्वमदत गट ही थेरपी नव्हे, पण थेरपी संपल्यावर हातात राहणारी गोष्ट तीच. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, जी कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था यांच्यामुळे महाराष्ट्रात हे गट मराठीतून चालतात. गट पारखायचा तर एवढं बघावं: शुभार्थी तिथे स्वतः बोलतात, की त्यांच्याबद्दल फक्त पालकच बोलतात?

शेवटचं कार्ड

सत्रं एकट्याची असोत की कुटुंबाची, शेवटी घरात एक कागद राहिला पाहिजे. आजार उलटण्याच्या दोन-चार आठवडे आधी दिसणाऱ्या खुणा त्यावर, आणि त्या पुस्तकातल्या नव्हे, याच माणसाच्या: सलग तीन रात्री चार तासांहून कमी झोप, टीव्हीचा आवाज एकदम कमी करणं, ताटात वाढलेलं हुंगून बघणं. एक खूण दिसली तर काय, दोन दिसल्या तर काय, तीन दिसल्या तर काय, तीन ओळी. जास्तीची गोळी द्यायची की नाही हे फक्त डॉक्टरांच्या अक्षरात. याच सुमारास अग्रिम निर्देश लिहून ठेवता येतो: आजार बळावला तर कोणता उपचार हवा, कोणता नको. २०१७च्या कायद्याच्या कलम ५ने हा हक्क दिला आहे, आणि कलम १४नुसार आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमता येते. ती व्यक्ती आई-वडीलच असावी असं काही नाही.

खुणांची यादी शुभार्थीनेच लिहावी आणि घरच्यांनी फार तर दोन खुणांची भर घालावी; उलटं झालं की कागद फाडला जातो. जागा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, पाहुण्यांना न दिसणारी. कोपऱ्यात तारीख. डोस बदलला की कागद नवा. खाली तीन नंबर या क्रमाने: डॉक्टर, घराबाहेरचं एक माणूस, १४४१६.